परक्या खेळावर आपली बांधणी

खेळ हा विषय आमच्याकडे विद्वच्चर्चेस फारसा योग्य मानला गेलेला नाहीं. राजांच्या लढाया, तह, सनदा व वंशावळी यांवर पानेंच्या पानें खर्ची पडतात. परंतु त्याच राजांच्या प्रजेनें सायंकाळीं ओटीवर बसून कोणता पट मांडला, तो पट कोठून आला आणि येथें येतांना त्याचें रूप कसें पालटलें, हें विचारण्याची आठवण इतिहासकारास सहसा होत नाहीं. वस्तुतः समाजाची बुद्धि जशी त्याच्या ग्रंथांत तशी त्याच्या खेळांतहि उमटत असते; किंबहुना खेळांत ती अधिक मोकळेपणानें उमटते, कारण तेथें तिला कोणाची भीड नसते. आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, तो वरवर पाहतां अगदीं नवा व कांहींसा पोरकट वाटेल. संगणकावर किंवा फोनवर खेळावयाचे जे खेळ असतात, त्यांत खेळणारांनीं स्वतःच्या हातानें केलेले फेरफार, हा तो विषय होय. इंग्रजींत अशा फेरफारास 'मॉडिफिकेशन' म्हणतात. खेळणारीं मुलें त्यास नुसतें 'मॉड' म्हणतात. आणि हा आटोपशीर शब्द आम्हीहि पुढें वापरणार आहों.

मॉड म्हणजे काय हें समजण्यास महाडच्या किंवा पोलादपूरच्या स्थानकांत उभी असलेली एस. टी. पुरेशी आहे. ज्या लाल गाडींतून आपल्या दोन-तीन पिढ्यांनीं प्रवास केला, तिची चासी, म्हणजे इंजिन, चाकें व लोखंडी सांगाडा, टाटा किंवा अशोक लेलँड यांच्या कारखान्यांतून येई. परंतु त्या सांगाड्यावरची बांधणी महामंडळाच्या स्वतःच्या दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत होत असे. पत्रा आपल्या हातांनीं ठोकलेला, आसनें आपल्या रस्त्यांस व आपल्या गर्दीस सोसतील अशीं, रंग आपला, पाटी आपल्या लिपींत. सांगाडा परका, बांधणी आपली. संगणकाच्या खेळांतहि नेमकें असेंच असतें. गति, टक्कर, चढउतार, उजेड यांचा हिशेब करणारें खेळाचें मूळ यंत्र एखाद्या कंपनीनें घडविलेलें असतें. त्यावर चढविलेलीं रूपें, नकाशे, आवाज, आणि प्रसंगीं नियमसुद्धां, खेळणारा बदलतो. या बदलास मॉड म्हणावयाचें.

हा प्रकार संगणकाबरोबर जन्मास आला असें मात्र कोणीं समजूं नये. गंजिफांचा इतिहास पाहावा. बाबरानें इ. स. १५२७ मध्यें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद आपल्या आत्मवृत्तांत केली आहे. पुढें अबुल फजलानें 'ऐन-ए-अकबरी'मध्यें बारा रंगांच्या गंजिफांचें वर्णन करून, त्यांत अकबरानें स्वतः फेरफार केल्याचें लिहून ठेविलें आहे. म्हणजे या अर्थानें बादशहाहि मॉडकारच! प्रचारांतील मोगली खेळ आठ रंगांचा व ९६ पानांचा असून ताज, शमशेर, गुलाम अशीं त्याचीं चिन्हें दरबारी थाटाचीं होतीं. हाच खेळ हिंदु घरांत रुळला तेव्हां आठांचे दहा रंग झाले, ९६ पानांचीं १२० पानें झालीं, आणि ताज-शमशेरींच्या जागीं मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह यांपासून कल्कीपर्यंत दशावतार येऊन बसले. परंतु प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानें ही मूळची घडण तशीच राहिली. अर्ध्या रंगांत मोठा आंकडा श्रेष्ठ तर अर्ध्यांत लहान आंकडा श्रेष्ठ, हा विलक्षण नियमहि तसाच राहिला. मोगली खेळांत दिवसा एका रंगाचा व रात्रीं दुसऱ्या रंगाचा मान पहिला असे. तो मान येथें दिवसा रामास व रात्रीं कृष्णास मिळाला. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं रंगविलेलीं हीं वाटोळीं पानें आज पदार्थसंग्रहालयांत काचेआड ठेवितात व लोक तीं कौतुकानें पाहतात. पण बादशाही खेळाच्या सांगाड्यावर दशावतारांची बांधणी प्रथम ज्यानें केली, त्याचें नांव मात्र इतिहासानें राखलें नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिच्याकडे आम्हांस पुन्हां वळावयाचें आहे.

उलट दिशेचा दाखलाहि तितकाच बोधप्रद आहे. आपला सारीपाट व पचिशी हे खेळ परदेशीं गेले, तेथें कवड्यांच्या जागीं फासा आला, नियम सोपे झाले, आणि अमेरिकेंत १८७४ सालीं 'पार्चीसी' या नांवाचें व्यापारचिन्ह व इंग्लंडांत १८९६ सालीं 'लुडो' या खेळाचें पेटंट नोंदविलें गेलें. पट आपला, फेरफार त्यांचा. आणि कागदोपत्रीं मालकीहि त्यांची! तोच लुडो आपल्या घरोघरीं परतला. आणि २०१६ सालीं नवी मुंबईंतील गेमशन कंपनीनें 'लुडो किंग' या नांवानें तो फोनवर आणला, तेव्हां त्याच्या प्रवासाचें वर्तुळ एका परीनें पुरें झालें. खेळ हे असे सीमा ओलांडीत असतात. ज्या गांवीं ते उतरतात तेथील वस्त्रें ते लेतात. आणि हीं वस्त्रें बहुधा कोणी अनामिक खेळणारा शिवीत असतो.

आतां संगणकाच्या युगाकडे वळूं. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' नांवाचा खेळ रचला. दोन अंतराळयानें एकमेकांवर मारा करीत फिरतात, एवढाच त्याचा विषय. पीटर सॅमसन नांवाच्या त्याच्या सोबत्यास पडद्यावरचे अंदाजानें टाकलेले तारे पाहवेनात. त्यानें खऱ्या आकाशांतील तारे मोजून जागच्या जागीं बसविले. डॅन एडवर्ड्स यानें मध्यभागीं सूर्य घालून त्याचें गुरुत्वाकर्षण यानांस लागू केलें, आणि खेळ एकदम कौशल्याचा झाला. कोणी कोणाची परवानगी मागितली नाहीं, कोणी खेळास कुलूप घातलें नव्हतें. संगणकाच्या खेळांचा इतिहास जेथें सुरू होतो, तेथेंच खेळणाराच्या फेरफाराचाहि इतिहास सुरू होतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें खेळ हा विक्रीचा माल झाला व कुलुपें आलीं. तथापि कांहीं निर्माते दूरदृष्टीचे निघाले. १९९३ च्या डिसेंबरांत 'इड सॉफ्टवेअर' या मंडळीनें 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हां खेळाचें यंत्र एका बाजूस आणि चित्रें, नकाशे व आवाज दुसऱ्या बाजूस, अशी फोड त्यांनीं मुद्दाम करून ठेविली होती. त्यामुळें यंत्रास धक्का न लावतां कोणासहि आपला नकाशा त्यांत घालतां येऊं लागला, आणि थोड्याच काळांत खेळणारांनीं रचलेल्या नकाशांचा पूर आला. १९९८ सालीं व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' निघाला. दुसऱ्याच वर्षीं मिन ली व जेस क्लिफ या दोन तरुणांनीं त्याच्यावर 'काउंटर-स्ट्राइक' नांवाचा मॉड बांधला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, २००० सालीं कंपनीनें तो विकत घेऊन स्वतःच प्रसिद्ध केला व त्या कर्त्यांस आपल्याकडे ठेवून घेतलें. सांगाडा देणारा व बांधणी करणारा या दोघांचाहि मान राहिला, असा हा एक चांगला प्रसंग होय. सगळेच प्रसंग असे नाहींत, हें पुढें दिसेल.

आपल्या महाराष्ट्रांत या विद्येचें जें रूप आज सर्वांत अधिक दिसतें, तें लढाईच्या खेळांत नसून बसगाडीच्या खेळांत आहे. २०१७ सालीं इंडोनेशियांतील मालेओ नांवाच्या मंडळीनें 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा फोनवरचा खेळ काढला. त्या देशांत रस्त्याच्या कडेस उभीं राहून बसचालकांस 'ओम तेलोलेत ओम', म्हणजे 'काका, भोंगा वाजवा', असें ओरडण्याचा मुलांचा छंद आहे. २०१६ सालीं तो जगभर गाजला होता. तो भोंगाहि या खेळांत आहे. रस्ते तिकडचे, शहरें तिकडचीं, गाड्या तिकडच्या. परंतु निर्मात्यांनीं खेळणारास दोन सवलती दिल्या. गाडीच्या अंगावरील रंगकाम त्याला स्वतः करतां यावें, ही एक. आणि स्वतः घडविलेली संपूर्ण गाडी त्याला खेळांत आणतां यावी, ही दुसरी. एवढें दार उघडें मिळतांच केरळांतल्या, कर्नाटकांतल्या व महाराष्ट्रांतल्या मुलांनीं आपापल्या राज्यांच्या गाड्या त्यांत उतरविल्या. आपली लाल एस. टी. आली, शिवशाही आली. आणि जावा बेटाच्या रस्त्यांवर मराठी पाट्यांच्या गाड्या धांवूं लागल्या.

हें काम करावयाचें कसें, हें आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांकडून समजून घेतलें. 'ब्लेंडर'सारख्या विनामूल्य साधनांत गाडीची आकृति त्रिमितींत उभारावी लागते. मग शिंप्यानें कापड बेतावें त्याप्रमाणें तिचें सर्व अंग सपाट उलगडून त्यावर रंग, अक्षरें, गंज, चिखलाचे डाग हें सर्व काढावें लागतें. नंतर तें कापड पुन्हां आकृतीवर चढवावें लागतें. दाराच्या पायऱ्या किती, खिडकीच्या दांड्या किती, मागची शिडी कोणत्या बाजूस, 'जागा राखीव' हीं अक्षरें कोठें, हें ज्यानें नीट पाहिलें नाहीं त्याची गाडी सोबती लगेच हंसून नापास करतात. प्रयोगवहींत जें बारीक निरीक्षण उतरावें म्हणून आम्ही अध्यापक वर्षानुवर्षें घसा कोरडा करतों, तें येथें कोणी न सांगतां होत असतें! या साधनेस 'वेळेचा अपव्यय' हें एकच नांव देऊन जे पालक मोकळे होतात, त्यांनीं एकदां तरी ती जवळून पाहावी, अशी आमची विनंती आहे.

महाड व पोलादपूर या भागांतील माणसास या गाडीचें इतकें काय वाटावें, हें बाहेरच्यास एकदम कळणार नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें व तेव्हांचें अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धांवली, आणि पुढें डोंगराडोंगरांत ती पोंचली. आमचा मुलूख घाटांनीं वेढलेला. भोरकडून येणारा वरंधा घाट, महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट, खेडकडे उतरणारा कशेडी घाट, या तिन्ही वाटांवर मुंबईच्या चाकरमान्याचा, बाजारास निघालेल्या बाईचा आणि शाळेच्या पोराचा भरंवसा एकाच गाडीवर. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतील पूल पुरांत कोसळला, आणि उतारूंसह दोन एस. टी. गाड्या त्या पाण्यांत गेल्या. नवा पूल दुसऱ्याच वर्षीं उभा राहिला. कशेडीच्या डोंगरांतून आतां बोगदाहि गेला आहे. परंतु पावसाळी रात्रीं उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहणारीं घरें येथें अजूनहि आहेत. अशा गांवचा मुलगा जेव्हां त्या गाडीचा एकेक खिळा पडद्यावर ठोकतो, तेव्हां तो केवळ करमणूक करीत नसतो. आपल्या मुलखाच्या जीवनांतील एका वस्तूची तो नोंद करीत असतो. जुनीं वळणें बोगद्यानें मागें टाकलीं, जुन्या बांधणीच्या गाड्याहि मोडीत निघत आहेत. त्यांचीं चित्रें दप्तरांत राहतील. पण त्या कशा चालत, वळत व गुरगुरत, हें अशाच एखाद्या मॉडमध्यें राहील.

याच संदर्भांत एका नांवाकडे लक्ष देण्यासारखें आहे. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांवरून एस. टी.च्या निमआराम गाडीस लोक 'एशियाड' म्हणूं लागले. पुढें महामंडळानें तिला 'हिरकणी' हें नांव दिलें. तान्ह्या मुलाच्या ओढीनें रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा महाड तालुक्यांत कोणास सांगावी लागत नाहीं. गडावर तिच्या नांवाचा बुरूज आहे, पायथ्याशीं तिच्या नांवाची वाडी आहे. हें नांव अंगावर घेऊन एखादी गाडी परक्या खेळांतील परक्या रस्त्यावर धांवते, तेव्हां मोगली पानांवर राम-कृष्ण बसविणाऱ्या चिताऱ्यानें जें केलें, त्याहून निराळें असें कांहीं घडत नाहीं. परक्याचा खेळ टाकून न देतां, आणि त्यापुढें मान न तुकवितां, त्यांत आपली जागा करून घेण्याची ही जुनीच रीत आहे.

आक्षेप घेणारे विचारतील, 'ही दुसऱ्याच्या वस्तूची चोरी नव्हे काय?' प्रश्न रास्त आहे व त्याला उडवाउडवीचें उत्तर देऊन चालणार नाहीं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीनें संगणकाच्या आज्ञावलींचा समावेश साहित्यकृतींत झाला आहे. तेव्हां कंपनीचा खेळच फोडून फुकट वांटणें ही चोरीच होय, आणि तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु निर्मात्यानें स्वतः उघडून दिलेल्या दारांतून आंत जाऊन आपली गाडी उभी करणें, ही चोरी कशी म्हणावी? उलट मॉडकारांच्या श्रमावर कंपन्यांचा खेळ वर्षानुवर्षें ताजा राहतो, हें सर्वांस ठाऊक आहे.

खरा अन्याय झाला तर तो बहुधा मॉडकारावरच होतो. 'वॉरक्राफ्ट ३' या २००२ सालच्या खेळावर खेळणारांनीं 'डोटा' नांवाचा नवाच खेळ उभारला. पुढें त्याच्या धर्तीवर मोठमोठ्या कंपन्यांनीं आपले खेळ काढले. २०२० सालीं ब्लिझार्ड कंपनीनें त्या जुन्या खेळाची नवी आवृत्ति काढली, तेव्हां खेळणारानें त्यांत जें कांहीं रचावें त्याची मालकी कंपनीचीच, असें कलम तिनें नियमांत घातलें. तत्पूर्वीं, २०१५ च्या एप्रिलांत, 'स्कायरिम' या खेळाचे मॉड विकत देण्याची योजना व्हॉल्व्ह व बेथेस्डा या कंपन्यांनीं काढली होती; किंमतींतील चौथा हिस्सा कर्त्यास व तीन हिस्से कंपन्यांस, अशी ती वांटणी होती. खेळणारांनीं गिल्ला केला व ती योजना कांहीं दिवसांतच मागें घ्यावी लागली. मोठ्यांची ही तऱ्हा. तर लहानांतहि सर्व ठीक आहे असें नाहीं. एकानें महिनेच्या महिने खपून उभी केलेली गाडी दुसऱ्यानें उचलावी, कर्त्याचें नांव पुसून आपलें घालावें आणि वांटावी, हें सर्रास चालतें; म्हणून कित्येक कर्ते आपल्या फाइलीस परवलीचा शब्द लावून ठेवितात. लुडोचें पेटंट घेणाऱ्या साहेबास नांवें ठेवणाऱ्या आपण आपल्याच शेजारच्या मुलाचें नांव पुसावें, ही शोभणारी गोष्ट नव्हे.

येथें आमच्या मतें मुद्द्याची गोष्ट येते. पोलादपुरास 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदाची म्हणून समाधि दाखवितात. परमानंद आज आपणांस ठाऊक आहे, कारण त्याच्या काव्याबरोबर त्याचें नांव चालत आलें. जुनी पोथी नकलणारा साधा लेखकसुद्धां शेवटीं शक, तिथि व आपलें नांव घालीत असे. म्हणून आज पोथीचा इतिहास लिहितां येतो. गंजिफा रंगविणाऱ्यानें नांव घातलें नाहीं, कोणीं तें टिपूनहि ठेविलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे व राणी सत्वशीलादेवी यांनीं ती कला पुन्हां जिवंत केली नसती, तर पानेंहि नांवाच्याच वाटेनें गेलीं असतीं. मॉडची स्थिति त्याहून नाजूक आहे. कागद शंभर वर्षें टिकतो. फाइल मात्र खेळाची नवी आवृत्ति निघतांच निरुपयोगी होते, ठेवणाराचें खातें बंद झालें कीं नाहींशी होते. आज ज्या गाड्या हजारों फोनांवर धांवत आहेत, त्यांतल्या दहा वर्षांनीं किती उरतील?

तेव्हां करावें काय? उपाय मोठे खर्चाचे नाहींत. प्रत्येक मॉडकारानें आपल्या कृतींत जुन्या पोथीलेखकाप्रमाणें आपलें नांव, गांव व तारीख घालावी, आणि जें दुसऱ्याचें घेतलें असेल तें दुसऱ्याचें म्हणून सांगावें. महाविद्यालयांनीं व गांवोगांवच्या ग्रंथालयांनीं, जसे जुने दिवाळी अंक जपतात तसे, हे मॉड, त्यांस लागणाऱ्या खेळाच्या आवृत्तीसह आणि अर्थात् परवानगीनें, जपून ठेवावे. आईबापांनीं मुलाच्या हातांतील फोन काढून घेण्यापूर्वीं त्यावरची गाडी एकदां पाहावी आणि विचारावें, 'ही तूं केलीस, कीं कोणी केली?' या एका प्रश्नानें दोन गोष्टी साधतील. करणाऱ्यास आपल्या कामाची किंमत कळेल, आणि न करणाऱ्यास दुसऱ्याच्या नांवाचा मान ठेवण्याची संवय लागेल.

केवळ परक्या सांगाड्यांवर बांधणी करीत राहण्यांतच समाधान मानावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आज ना उद्यां सांगाडेहि आपले झाले पाहिजेत. ज्यानें गाडीचा प्रत्येक खिळा पाहिला आहे तोच एके दिवशीं चासीहि घडवील, अशी आमची आशा आहे. परंतु तोंपर्यंत एक गोष्ट विसरूं नये. खेळ जसा निर्मात्याचा, तसा ज्यानें तो आपल्या मुलखाचा केला त्याचाहि असतो. दशावतारी पानांच्या पहिल्या कर्त्याचें ऋण आपणांस आतां फेडतां येणार नाहीं, कारण तें कोणाचें हेंच हरवलें आहे. हिरकणीची गाडी पडद्यावर आणणाऱ्याचें नांव मात्र अजून विचारतां येण्यासारखें आहे. तें आजच विचारून टिपून ठेवावें.